न वाचलेली फाइल

सोमवारी सकाळी नऊला पाच कमी असताना ती कामाच्या इमारतीच्या फिरत्या काचेच्या दारात शिरली आणि बाहेर पडायचं विसरली. एक फेरी झाली, दुसरी झाली. हातातल्या फोनवर एक पत्र होतं, आणि त्याची पहिली चार वाक्यं वाचून होईपर्यंत दार दोनदा फिरलं, एवढंच. मागच्या खणात कोंडलेल्या गृहस्थांनी काचेवर टकटक केलं आणि विचारलं, "ताई, आपल्याला उतरायचंय कुठं?" ती उतरली, पण उतरली ती परत रस्त्यावरच. गृहस्थ आत गेले. ती बाहेर, पर्स काखेत, डबा हातात. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाईंची नोकरी आत्ताच गेली. नोकरी गेली नव्हती. सहाव्या मजल्यावर चष्म्याच्या काचा तिची वाट बघत होत्या. रोज दोनशे दहा काचा ती भिंगाखाली धरायची, नंबर बरोबर आहे का बघायची, ओरखडा दिसला तर कडेला पांढरी फुली मारून परत पाठवायची. कारखान्यातल्या पोरींनी तिला फुलीबाई म्हणायला सुरुवात केली त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. पण ते नाव तिला लागलं नाही. कारण त्याच्याही आधीपासून, ज्यांनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं असे हजारो लोक तिला याहून वाईट नावानं ओळखत होते. ते तिला चाळण म्हणत.

चाळण एकोणीस वर्षं एक साइट चालवत होती. चालवत होती म्हणजे मालकी नव्हती, पगार नव्हता, बढती नव्हती. फक्त काम होतं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून प्रोग्रॅम लिहितात आणि ते फुकट देऊन टाकतात. फुकट म्हणजे नुसतं वापरायला नव्हे, तर आतलं सगळं उघडं करून, घ्या, बघा, बदला, पुढं द्या असं सांगून. असे प्रोग्रॅम ठेवायला जागा लागते, ती ही साइट. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर दोन टिचक्यांत जागा मिळते. इथं मिळायला कधी कधी अकरा आठवडे लागत, आणि त्याचं कारण चाळण. नवीन प्रकल्प आला की ती त्याची एकेक फाइल उघडायची. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव आहे का, कोणत्या परवान्यावर देतोय ते आहे का, कुठून उचललं असेल तर तिथली परवानगी आहे का? एका फाइलीत नसलं तरी परत. लोक चिडायचे. 'अहो, तीनशे फाइली आहेत!' ती लिहायची, 'मग तीनशे वेळा लिहा.' तीन हजार चारशे बारा प्रकल्प तिनं असे दारातून आत घेतले होते आणि प्रत्येकाचा हिशेब तिच्या डोक्यात होता: कोण रडलं, कोण भांडलं, कोणी शिव्या देऊन निघून गेलं, कोणी शिव्या देऊन परत आलं. माणूस आपल्या कामाखाली सही करताना कसा वागतो यावरून तिला त्याची पत्रिका कळायची. भराभर नाव लिहितो तो बढाईखोर, विसरतो तो आळशी, आणि मुद्दाम लिहीत नाही तो सगळ्यात गर्विष्ठ.

पत्र श्रवणयंत्रं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीच्या वकिलाचं होतं. भाषा लोण्यासारखी, आत सुई. तुमच्या साइटवर कानाची यंत्रं जुळवायचा जो प्रोग्रॅम आहे, त्यातली मुख्य फाइल आमच्या कंपनीच्या कामाची नक्कल आहे. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ती फाइल हटली नाही तर पुढची पत्रं आम्ही कोर्टामार्फत पाठवू. वर नम्र विनंती म्हणून एक प्रश्न: आपल्या साइटवर प्रत्येक फाइल तपासूनच घेतली जाते असं आपण अभिमानानं लिहिता, ही कोणी तपासली होती? या प्रश्नापाशीच दार दुसऱ्यांदा फिरलं होतं. कारण उत्तर तिला माहीत होतं. तीन हजार चारशे बारापैकी एकाच प्रकल्पाची एकच फाइल तिनं न वाचता आत सोडली होती. ती हीच होती.

दिवसभर काचा भिंगाखालून गेल्या, आणि प्रत्येक काचेत तिला चौदा वर्षांपूर्वीची ती दुपार थोडी मोठी होऊन दिसत राहिली. दुःखात चूक झाली असती तर तिनं स्वतःला माफ केलं असतं. दुःखाला सगळे सूट देतात. ही चूक आनंदात झाली होती. त्या दिवशी तिला कारखान्यात कायम केलं होतं. घरी आली तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते, जो समोर येईल त्याला काहीतरी देऊन टाकावं असं वाटत होतं, आणि समोर आला तो कानवाला, तो प्रोग्रॅम लिहिणारा. त्यानं लिहिलं होतं, 'बाई, माझ्या दवाखान्यात चाळीस माणसं यंत्र कानात घालून बसलीत आणि कुणालाच नीट ऐकू येत नाहीये. बाकी सगळ्या फाइली तुम्ही पाहिल्यात. ही शेवटची, सहाशे चौदा ओळींची. आज आत घ्या ना.' आणि तिनं घेतली. वाचल्याची नोंद केली, खाली नाव घातलं, स्वयंपाकघरात गेली आणि गाणं गुणगुणत कणीक मळली. ते गाणंसुद्धा आता आठवत होतं, नेमकं. ज्या गोष्टी विसरायला हव्यात त्यांना चाल का असते?

घरी नवरा आधीच आलेला होता. तो लोकांना गाडी शिकवायचा. आयुष्यभर दुसऱ्याच्या चाकाशेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबत आलेला माणूस. त्यामुळे कोणत्याही संकटात त्याचा पाय आधी तिकडंच जायचा. "काढून टाका की तो प्रोग्रॅम," तो म्हणाला. "तीन हजार चारशे अकरा उरतातच ना?"

"आमचा पहारेकरीही हेच म्हणतो," ती म्हणाली. पहारेकरी म्हणजे साइटची यंत्रं सांभाळणारा दुसरा स्वयंसेवक, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला कुठंतरी राहणारा, मोजकं बोलणारा. त्यानं एवढंच लिहिलं होतं, 'शुक्रवारी बाराला मी तो प्रोग्रॅम उतरवतो. वाईट वाटतं.'

"मग अडलंय कुठं?"

तिनं आतल्या खोलीकडं बोट केलं. आत अप्पा, तिचे सासरे, खुर्चीत बसून बातम्या ऐकत होते. खऱ्याखुऱ्या ऐकत होते, आवाज माणसांत ठेवून. चार वर्षांपूर्वी शेजारी भिंतीवर थाप मारायचे इतका आवाज लागायचा. आणि अप्पा जेवायला बसले की मान खाली घालून जेवून उठायचे. कारण समोरची तोंडं हलतात आणि आपण हसायचं केव्हा ते कळत नाही, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं, तिला, लेकाला नाही. मग धर्मादाय दवाखान्यात यंत्र बसवलं. ते जुळवणारी मुलगी संगणकासमोर बसली आणि अप्पांबरोबर गेलेल्या चाळणीला पडद्यावर आपल्याच साइटचं नाव दिसलं. एकशे सत्तर दवाखाने तोच प्रोग्रॅम थेट साइटवरून चालवत होते. दर दोन-तीन महिन्यांनी कान बदलतात, यंत्र परत जुळवावं लागतं. प्रोग्रॅम उतरला की ती सगळी माणसं हळूहळू, एकेक अक्षर गमावत, परत मान खाली घालून जेवायला बसणार.

तिनं कानवाल्याला विचारलं. उत्तर तासाभरात आलं, आणि ते इतकं सरळ होतं की चिडायलाही जागा उरली नाही. 'दवाखाना काढायच्या आधी सहा वर्षं मी त्याच कंपनीत होतो. कागद एकही आणला नाही, शपथ. घरी बसून आठवलं तसं लिहिलं. माझ्या हातून उतरलं म्हणून माझं वाटलं.' म्हणजे वकील खरं बोलत होता. हे पचायला तिला संध्याकाळ लागली. मग तिनं, चौदा वर्षं उशिरानं, त्या सहाशे चौदा ओळी वाचल्या. सुरेख होत्या मेल्या. मंगळवारी सकाळी कामावर जायच्या आधी तिनं साइटच्या सगळ्या सभासदांच्या लिस्टवर पत्र टाकलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. प्रत्येक मसुद्यात कारण आपोआप वर सरकायचं आणि चूक खाली. शेवटी उरलं ते असं: 'ही फाइल मी न वाचता आत घेतली आणि वाचली असं लिहिलं. फाइल खरंच दुसऱ्याची आहे. ती जायला हवी आणि शुक्रवारी बाराच्या आत तिच्या जागी नवी हवी. नवी लिहिणाऱ्यानं जुनी कधी पाहिलेली नसावी. मी पाहिली आहे, म्हणून मी लिहू शकत नाही. तिनं काय करायला हवं ते फक्त शब्दांत सांगू शकते. सांगणं आणि लिहिणं सगळं इथं, उघड्यावर, वकिलालाही दिसेल असं होईल. ज्यानं ही फाइल कधीही उघडलेली नाही त्यानं हात वर करावा.'

पत्र गेलं. आता तुटून पडतील. एकोणीस वर्षांत ज्यांना ज्यांना तीनशे वेळा लिहायला लावलं ते सगळे, व्याजासकट. दुपारी डबा उघडायच्या आधी तिनं फोन उघडला. एकशे बत्तीस उत्तरं होती. पहिलं होतं, 'बाई, तुम्ही माणूस आहात हे कळून धक्का बसला.' दुसरं, 'माझ्या प्रकल्पात तुम्ही एक्केचाळीस चुका काढल्या होत्या. मी आज बाकीच्या सगळ्या फाइली परत तपासतो, अजून कुठं काही शिरलंय का बघतो. पन्नास फाइली मला द्या.' खाली रांगच. शंभर मला. वीस मला, नातवंडं सांभाळून. ज्याला ज्याला तिनं छळलं होतं तो तो तिच्याच पद्धतीनं, नाव घालून, तारीख घालून, फाइली वाटून घेत होता. ती जिन्यात बसून राहिली. डबा तसाच. माणसं ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं तिला वाटायचं. तो हिशेब इथं सपशेल चुकला होता, आणि चुकल्याचा असा आनंद तिला कधी झाला नव्हता.

पण हात मात्र एकही वर आला नाही. इतका वापरातला प्रोग्रॅम, उत्सुकतेनं सगळ्यांनीच त्याच्या पोटात डोकावलं होतं. ज्यांना लिहिता आलं असतं त्यांनी तर नक्कीच. बुधवार उजाडला. आणि नाश्त्याच्या वेळी लिस्टवर एक नाव दिसलं, जे बघून तिच्या कपातला चहा बशीत आला. एरंडेल. हे तिनं मनातल्या मनात ठेवलेलं नाव; लिस्टवर त्याचं कसलंसं टोपणनाव होतं. दहा वर्षांपूर्वी या माणसानं ध्वनीवर काम करणारा एक अप्रतिम प्रोग्रॅम आणला होता आणि एकाही फाइलीवर नाव घालायला नकार दिला होता. 'काम बघा, माणूस कशाला बघता?' तिनं चार वेळा परत पाठवला. पाचव्यांदा तो आला नाही. जाताना लिहून गेला की या साइटवर परत पाऊल ठेवणार नाही. आता त्यानं लिहिलं होतं:

'मी शब्दाचा पक्का आहे. दहा वर्षांत तुमच्याकडची एकही फाइल उघडलेली नाही. लिस्ट तेवढी वाचतो, तुमची फजिती केव्हा होते ते बघायला. झाली. आता सांगा, काय लिहायचंय?'

तिनं शुक्रवारपर्यंत रजा टाकली. एकोणीस वर्षांत साइटसाठी टाकलेली पहिली रजा. कारण सांगताना सुपरवायझरला म्हणाली, "घरचं आहे." आणि खोटं वाटलं नाही. सकाळी अकरापर्यंत तिनं सांगणं लिहिलं: म्हातारपणी 'स', 'श', 'फ' ही अक्षरं आधी निघून जातात, न सांगता, त्यांना जास्त उचला. ताट पडलं तर पडल्याचं कळावं, कपाळात जाऊ नये. स्वतःचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटू नये. एरंडेलचं उत्तर पाच मिनिटांत: 'बाई, ही मागणी आहे की अंगाई? कपाळात म्हणजे किती?' लिस्टवर हशा. अडीचशे लोक जणू गॅलरीत येऊन बसले होते. ती उठली, फोनवर आवाज मोजायचं साधन उघडलं आणि अप्पांना स्वयंपाकघरात आणून बसवलं.

"मी काय प्रयोगातला उंदीर आहे?" अप्पा म्हणाले.

"उंदरांना चांगलं ऐकू येतं, अप्पा. तुम्ही बसा."

तिनं चमचा पाडला, मग ताट, मग कुकरचं झाकण. नळ सोडला, कागदी पिशवी चुरगाळली, भिंतीकडं तोंड करून कुजबुजली. अप्पा बोटं वर करून सांगत होते: एक म्हणजे कळलं, दोन म्हणजे बरं वाटलं, तीन म्हणजे दुखलं. ती आकडे लिहीत होती. नवरा दारात येऊन उभा राहिला. जमिनीवर भांडी, टेबलावर वही, बाप परीक्षा द्यायला बसल्यासारखा ताठ. "घर सोडून जायचं असेल तर आधी सांगत जा," तो म्हणाला, "निदान भांडी आवरून ठेवीन." मग त्यानं तिच्या हातातलं झाकण घेतलं. "तू लिही. मी पाडतो. माझा हात जड आहे, दुखेल तितकं पाडता येईल." बाप-लेक हसले. तिच्या लक्षात आलं की ही दोघं एकाच गोष्टीला, एकाच वेळी हसताहेत, आणि तिनं पेन्सिल इतकी दाबली की टोक तुटलं.

बुधवार दुपार, गुरुवार सगळा. एरंडेल विचारायचा, ती सांगायची. एरंडेल टोमणा मारायचा, ती आकडा द्यायची. 'आपण वाक्यातही फुल्या मारता का?' 'हो. तुमच्या तिसऱ्या वाक्यात एक आहे.' जुन्या फाइलीतल्या ओळी तिच्या डोक्यात घोटाळत होत्या, ओठांवर यायला बघत होत्या. एखाद्या सुंदर मुलीचं नाव घेऊ नये तसं ती त्यांना टाळत होती. सांगायचं ते काय व्हावं एवढंच, कसं करावं हे नाही. त्या दोन दिवसांत तिला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली: इतकी वर्षं तिनं लोकांचं लिहिलेलं तपासलं, पण आपल्याला काय हवंय हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. सांगता येत होतं. बरंच चांगलं सांगता येत होतं.

शुक्रवारी दहा वाजून दहा मिनिटांनी फाइल आली. तीनशे अठ्ठ्याऐंशी ओळी. कानवाल्यानं चाळीस जुन्या रोग्यांचे आकडे त्यात घालून पाहिले आणि लिहिलं, 'आधीपेक्षा बरी आहे. मला लाज वाटावी की आनंद व्हावा कळत नाही.' लिस्टवर जल्लोष सुरू झाला. पहारेकऱ्यानंही पाच शब्द खर्च केले: 'घ्या आत, मी तयार आहे.' तिनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तीनशे अठ्ठ्याऐंशीही वाचल्या. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मग तिनं फाइल परत पाठवली. 'डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव नाही.'

लिस्टवर जे उसळलं ते काय सांगावं. अहो बाई! चाळीस मिनिटं उरलीत! नाव मागाहून घालू! कुणीतरी लिहिलं, 'हा सूड आहे.' तिनं स्वतःलाही तेच विचारलं, कारण स्वतःला सोडून कसं चालेल? सूड होता का? थोडा असेल, चिमूटभर. पण चौदा वर्षांपूर्वी असंच वाटलं होतं, आज घेऊ, मागाहून बघू. तेव्हाही हात असाच हलका झाला होता. वकील विचारणार, ही कोणाची? तेव्हा काय सांगायचं, एका सद्गृहस्थांची? तिनं एकच ओळ लिहिली: 'काम बघितलं. पुरेपूर बघितलं. आता माणूस उभा राहू दे त्याच्या मागं.' आणि हात मांडीवर ठेवून बसली. नवरा शेजारी बसला होता; त्याचा उजवा पाय फरशीवर ब्रेक शोधत होता. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. एक मिनिट. चार. नऊ.

फाइल आली. डोक्यावर नाव होतं. साधं, शेजारपाजारच्या दारावर असावं तसं, बाईचं. तिनं दहा वर्षं ज्याला अहंकारी म्हातारा म्हणून मनात वाढवलं होतं तो म्हातारा नव्हताच. नावाखाली परवाना, तारीख, आणि पत्रात एकच ओळ: 'आमच्या कचेरीत बाईचं नाव दिसलं की काम न वाचताच परत यायचं, म्हणून नाव घालायची आणि बाई म्हणून बोलायची सवय सोडली होती. तुम्ही वाचून परत पाठवता. ठीक आहे.' तिनं ती ओळ दोनदा वाचली. अकरा एक्केचाळीसला तिनं नोंद केली: वाचली, सगळी. अकरा पन्नासला पहारेकऱ्यानं जुनी उतरवली, नवी चढवली. बारा वाजून गेले. सव्वाबाराला वकिलाचं उत्तर आलं. तीन दिवसांचा सगळा पत्रव्यवहार त्यानं वाचला होता, झाकणाच्या आकड्यांसकट. 'आमच्या अशिलाची काही तक्रार उरलेली नाही.' आणि खाली, बहुधा त्याच्या अशिलाला न विचारता: 'माझ्या आईसाठी हे कोणत्या दवाखान्यात मिळेल?'

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, काही न घेता बाहेर आली, परत आत गेली. घर लहान पडत होतं. नवऱ्यानं विचारलं, "काय शोधतेस?" ती म्हणाली, "काही नाही हो, चालतेय." छातीत काहीतरी इतकं रुंद झालं होतं की ते घेऊन नुसतं उभं राहता येत नव्हतं.

शनिवारी अप्पांची वेळ होती. दवाखान्याच्या खोलीत अप्पा पडद्याकडं तोंड करून बसले, कानांत यंत्रं. जुळवणारी मुलगी नवा प्रोग्रॅम चालवत होती आणि चाळण मागं, दाराशी, खुर्चीच्या कडेवर टेकली होती. मुलगी अप्पांच्या पाठीमागून कपाटातलं काही काढायला आली, आणि त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, कुजबुजत म्हणाली, "काकू, काल आमचा जीव टांगणीला लागला होता. सगळं तयार होतं, पण त्या साइटवर कुणीतरी एक बाई आहे म्हणे, महाखडूस. शेवटच्या क्षणी नावावरून अडवून धरलं. कसली माणसं असतात ना?"

"असतात बाई एकेक," तीही तितकंच हळू म्हणाली.

अप्पांनी वळून पाहिलं नाही. पडद्याकडं बघत, मान ताठ, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हीच ती. आमची सूनबाई."